दोन बाल्कन्या

टोन्काकडे पाहुणे यायचे म्हटलं की पहिला प्रश्न सपातांचा. कुणाच्याही घरात शिरताना बूट दाराशी काढायचे आणि घरच्या सपाता पायात सरकवायच्या, हा ओसियेक शहरातला साधा रिवाज. टोन्काकडे सपातांचे मोजून चार जोड, आणि पाहुणे यायचे ते वीस-वीस, गळ्यात नावाच्या पट्ट्या अडकवून, कधी लिस्बनचे, कधी टालिनचे. मग चौघे मानाचे सपातांत आणि बाकीचे नुसत्या मोज्यांवर, असा तो घोळका तिच्या एकुलत्या खोलीतून बाल्कनीकडे सरकायचा.

बाल्कनी बघण्यासारखी होती, नाही कशाला म्हणा. तिसरा मजला, कठड्याला लाल जिरेनियमच्या कुंड्या, लांबवर द्रावा नदी. पाहुणे फोटो काढायचे आणि बाल्कनीचं दार सताड उघडं टाकायचे. टोन्का ते पुन्हा पुन्हा लावायची. वाऱ्याचा झोत मानेवर घेतला की माणूस आठवडाभर आखडतो, हे इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण विद्वानांना कोण सांगणार?

"इथे टोन्कामावशी स्वतःच्या मर्जीच्या मालकीण आहेत बरं का," दुब्राव्का सांगायची. दुब्राव्का म्हणजे टोन्काची मदतनीस. आठवड्यातून तीनदा यायची, बाजारहाट, औषधं, दवाखाना सगळं बघायची. मनाने लोणी, पण एकदा तोंडाचा पट्टा सुरू झाला की आवरायला माणूस लागायचा. "वाटेल तेव्हा उठतात, वाटेल ते खातात. सरकारी गृहात होत्या तेव्हा साधी खिडकी उघडायलाही परवानगी लागायची!"

पाहुण्यांपैकी कुणीतरी हमखास विचारायचं, "तुम्ही सुखी आहात का इथे?"

"हो. फार," टोन्का म्हणायची.

"सगळ्यात जास्त काय आवडतं?"

"बाल्कनी."

पाहुणे खूश, दुब्राव्का खूश. मग सफरचंदाच्या श्ट्रुडलचे तुकडे फिरायचे आणि माणसं तोंडभरून निरोप घ्यायची.

सगळं खोटं होतं. त्या बाल्कनीत टोन्का एकटी असताना पाऊलसुद्धा टाकत नव्हती.

समाजसेवेतले नवे प्रयोग शोधायचे, पारखायचे आणि देशोदेशी नेऊन मिरवायचे, असा एक मोठा उपक्रम युरोपभर चालला होता. वर्षानुवर्षं मोठमोठ्या गृहांमध्ये कोंबलेल्या माणसांना बाहेर काढून त्यांना त्यांचं घर द्यायचं, हा त्यातला सगळ्यात गाजलेला प्रयोग. चांगलाच होता, त्याला कोण वाईट म्हणेल? आणि टोन्का हे त्याचं सगळ्यात देखणं यश होतं. तिच्या दाराची किल्ली तिच्या खिशात होती. कुठेही जायला मुभा होती. आणि साठी ओलांडलेली ही बाई त्या सुंदर खोलीत अशी अडकली होती, की गृहाच्या जाळीमागेही ती कधी इतकी अडकली नव्हती. कारण एकच. तिला यान्या हवी होती, आणि यान्या देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, चाकोवेत्समध्ये होती.

यात दुष्टावा कुणाचाच नव्हता. म्हणूनच त्याच्यावर इलाज सापडत नव्हता.

टोन्काला तरुणपणी फिट्स यायच्या. आई गेल्यावर भावाने तिला गृहात आणून सोडलं. एका उमरावाच्या जुन्या महालात सरकारने ते गृह भरवलं होतं. "आठवडाभराचाच प्रश्न आहे," भाऊ म्हणाला. तो आठवडा पस्तीस वर्षं चालला.

तिथे झ्लातासिस्टरचं राज्य होतं. सिस्टरचा एक लाडका नियम होता: दोघी फार चिकटल्या की त्यांना तोडायचं, कारण एक बिघडली की तिच्यामागे दुसरी बिघडते. टोन्का नवी असताना दोन बायका जेवताना एकमेकींचा हात धरून बसायच्या. एका सकाळी त्यांतली एक टेबलावर नव्हती. तिला मागच्या बंद इमारतीत हलवलं होतं. दुसरीने रडून आकांत मांडला, तर तिला सुई टोचली, आणि ती मग कधी रडलीच नाही. कधी हसलीही नाही.

शेजारच्या खाटेवर यान्या होती. बुटकी, तरतरीत, जिभेला हाड नसलेली. टोन्काशी तिचं नुकतंच सूत जमलं होतं. त्या सकाळी तिने टोन्काकडे नुसतं पाहिलं आणि दोघींना कळलं ते कळलं. दुपारच्या जेवणात यान्याने स्वतःचं सफरचंद उचलून टोन्काला फेकून मारलं. "घे मेल्ये, सारखी माझ्या ताटाकडे बघतेस! घशात अडको तुझ्या!"

टोन्काला त्या दिवसांत सफरचंदाशिवाय काही पचत नव्हतं. तिने ते झेललं, ओरडून यान्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि खाल्लं.

तिथून पुढे दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य अख्ख्या गृहात गाजलं. यान्या लोकरीचे मोजे विणायची आणि "या टवळीचे घाणेरडे पाय बघवत नाहीत" म्हणून टोन्काच्या डोक्यात घालायची. टोन्का यान्याचे कपडे "चोरायची" आणि धुऊन, टाके घालून परत आणायची. मग "चोर, चोर" म्हणून यान्या सगळा मजला डोक्यावर घ्यायची. फिट आली की यान्याच पहिली धावायची, "नाटकं बघा सटवीची" असं ओरडत, आणि डोक्याखाली उशी सरकवायची. नर्सा पोट धरधरून हसायच्या. झ्लातासिस्टरने तर शिक्षा म्हणूनच त्यांच्या खाटा शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. "भांडा आता काय भांडायचं ते!" दिवे गेल्यावर दोन खाटांमधल्या बोळात दोन हात लोंबायचे, आणि बोटांना बोटं सापडायची. त्याबद्दल दोघी कधी एक शब्द बोलल्या नाहीत.

मग एक दिवस गृहात युरोप आला. रंगीत खडू, मोठाले कागद आणि गोड गोड बोलणारी माणसं घेऊन. एकेकीला वेगळ्या खोलीत बोलवायचे. बरोबर कुणी नाही, दडपण नाही. तुमचं आयुष्य, तुमची इच्छा. टोन्कासमोर दुब्राव्का बसली होती. तिने कागदावर पिवळा सूर्य काढला होता, खाली एक घर.

"मावशी, तुम्हाला काय हवं? मनातलं सांगा, लाजू नका."

मनातलं! गृहात राहून माणूस दुसरं काही नाही तरी एक विद्या शिकतं: विचारणाऱ्याला काय ऐकायचंय ते ओळखायचं. टेबलावर चित्रांची एक पुस्तिका पडली होती, तिच्यात बाल्कनीचं चित्र वरच होतं. "बाल्कनी," टोन्का म्हणाली. दुब्राव्काचा चेहरा असा खुलला की आपलं उत्तर बरोबर आलं, हे टोन्काला समजलं. नंतर यान्या आत गेली. तिनेही बाल्कनीच सांगितली. दोघींनाही वाटलं, पसंतीचं उत्तर दिलंय, आता गुपचूप राहू देतील. कुणाबरोबर राहायचंय, असं त्या कागदावर कुणी विचारलंच नव्हतं. एकेका माणसाची इच्छा एवढी जपायची ठरलेली, की दुसरं माणूस त्या कागदात मावतच नव्हतं.

ओसियेकच्या घरात सामान लावताना दुब्राव्का म्हणाली होती, "आणि एक सांगू? त्या यान्याची आता काळजी नको. तिच्या जन्मगावाकडे घर मिळत होतं, मीच मुद्दाम जोर लावला. उभ्या जन्मात तुम्हाला तिचं तोंड दिसायचं नाही!"

एवढं करून ती शाबासकीसाठी थांबली होती. टोन्काने तिला "देव तुझं भलं करो" म्हटलं, कारण गृहात असंच म्हणायचे. मग ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून रडली.

सव्वा वर्ष असं गेलं. मधून मधून झाग्रेबच्या संशोधन संस्थेतला वेद्रान यायचा. लांबलचक, वाकून बोलणारा, सज्जन. त्याच्याजवळ चेहऱ्यांची एक पट्टी असायची, एका टोकाला तोंडभर हसणारा चेहरा, दुसऱ्या टोकाला रडणारा. तो विचारायचा आणि टोन्काने बोट ठेवायचं. ती न चुकता हसऱ्यावर ठेवायची. गृहात रडका चेहरा दाखवला की सुई असायची; एवढी अक्कल पस्तीस वर्षांत कुणालाही येईल. त्यामुळे सगळ्या प्रयोगात टोन्काइतकं सुखी माणूस दुसरं निघालं नाही, आणि जितकी ती सुखी ठरत गेली तितके पाहुणे वाढले. स्वतःच्या हाताने घातलेल्या गाठी होत्या त्या. सोडवायच्या कुणी?

वसंतात वेद्रान पुन्हा आला तेव्हा दुब्राव्का दारातूनच ओरडली, "मावशी, पेढे वाटा! हे घर आता कायमचं तुमचं. पुढच्या महिन्यात कागद होतील. मरेपर्यंत तुम्हाला इथून कुणी हलवू शकणार नाही!"

मरेपर्यंत. टोन्काच्या हातातली कॉफीची किटली बशीवर आपटली.

"कागद व्हायच्या आधीची ही शेवटची पाहणी," वेद्रानने पट्टी पुढे ठेवली. "मनापासून सांगा. यात चूक-बरोबर काही नसतं."

टोन्काने बोट उचललं. ते हसऱ्या चेहऱ्याकडे निघालं, सवयीनेच. वाटेत थांबलं. आणि मग ती स्वतःच घाबरली, इतक्या जोरात तिने ते रडक्या चेहऱ्यावर दाबलं.

"अगं बाई!" दुब्राव्का उठली. "पोटात दुखतंय का? तरी सांगत होते, त्या कोबीने वात धरतो."

"मला यान्या हवी," टोन्का म्हणाली.

दुब्राव्का हसायला लागली. "भांडायला? मावशी, भांडण हवं असेल तर खालच्या मजल्यावरची म्हातारी आहे की!"

वेद्रान मात्र हसला नाही. त्याने विचारलं, आणि टोन्काने सांगितलं. सफरचंद सांगितलं, मोजे सांगितले, खाटांमधला बोळ सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा ती हे मोठ्याने बोलत होती, आणि बोलताना तिची नजर सारखी त्या दोघांच्या हातांकडे जात होती. सुई काढतात की काय! कुणी काही काढलं नाही. वेद्रानचे डोळे भरून आले. दुब्राव्का खुर्चीत मटकन बसली.

"हे फार महत्त्वाचं आहे," वेद्रान म्हणाला. "मी स्वतः यान्यामावशींकडे जातो. त्यांचीही हीच इच्छा असेल तर अजून सगळं बदलता येईल."

"डॉक्टर, एक ऐका माझं." टोन्का कागद घेऊन येणाऱ्या सगळ्यांनाच डॉक्टर म्हणायची. "तिला हे काही सांगू नका. एवढंच म्हणा, ती ओसियेकची चेटकीण तुझ्या नावाने बोटं मोडतेय. ती काय शिव्या देते त्या ऐका आणि मला येऊन सांगा. बाकी मी समजून घेईन."

वेद्रानने मान डोलावली. पण तो पडला सरळमार्गी माणूस. माणसाकडे काही विचारायला जायचं तर आपण का आलो ते आधी उघड सांगायचं, काही लपवायचं नाही, हे त्याच्या कामाचं पहिलं सूत्र. त्याने चाकोवेत्सला जाऊन यान्याला समोर बसवलं आणि स्वच्छ सांगून टाकलं: टोन्कामावशींचं तुमच्यावर फार प्रेम आहे, त्यांनी आम्हाला सगळं सांगितलंय, रात्री हात धरायचा तेही.

परत आला तो मान खाली घालून.

"काय म्हणाली?" टोन्काने विचारलं. "कोणती शिवी दिली?"

"शिवी नाही दिली, मावशी. फार नीट बोलल्या. म्हणाल्या, 'त्या बाई चांगल्या आहेत, त्यांना माझा नमस्कार सांगा. पण आमची काही ओळख नाही तशी. मला इथे छान वाटतं. बाल्कनी आहे.'"

यान्या नीट बोलली! झ्लातासिस्टर खोलीत आली की यान्या जशी बोलायची, तशी. ती चळचळा कापत असणार. तिला वाटत असणार, टोन्काने सुईला भिऊन तोंड उघडलं, आता बंद इमारत. आणि आपल्यापासून टोन्काला वाचवायचं म्हणून ती ओळखच नाकारतेय.

"डॉक्टर, ती हो म्हणतेय."

"मावशी, त्या नाही म्हणाल्या."

"ती घाबरलीय! मला तिच्याशी फोनवर बोलू द्या."

"त्यांची संमती नाही. नंबर देता येणार नाही मला." त्याला खरोखर वाईट वाटत होतं. "वर्षानुवर्षं तुमच्या शब्दांचे अर्थ दुसऱ्यांनी लावले. ते आता बंद. माणूस स्वतःच्या तोंडाने बोलतो तेच आम्ही प्रमाण मानतो."

"मग पुन्हा विचारा."

"विचारू. पुढच्या वर्षी पुन्हा पाहणी आहे."

"असंच विचाराल?"

"हो. सगळ्यांना एकाच पद्धतीने."

झ्लातासिस्टरला निदान शिव्या तरी घालता येत होत्या. या भल्या माणसाच्या सज्जनपणाला कुठे धरायचं तेच टोन्काला कळेना. पुढचे काही दिवस ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दुब्राव्काने तिच्यासाठी कोंबडीचं सूप केलं, केस विंचरले, आणि दहादा म्हणाली, "अहो, तिलाच नको आहात तुम्ही, तर काय करायचं? मन आवरा." तीही रडवेली झाली होती.

कागद व्हायच्या आठवड्यात पाहुण्यांची आणखी एक तुकडी आली, गेंटची. दुब्राव्काने टोन्काला इस्त्रीचा झगा घातला, गळ्यात नावाची पट्टी अडकवली. सपाता, बाल्कनी, फोटो, श्ट्रुडल, सगळं रीतीप्रमाणे झालं. निघता निघता दुब्राव्का दुभाषी बाईला म्हणाली, "इथून थेट चाकोवेत्स ना? यान्यामावशींचं घरही छान लावलंय म्हणतात."

टोन्काने हातातली बशी खाली ठेवली.

"मी खाली जाऊन त्यांना बसपर्यंत पोचवते," ती म्हणाली.

"जा की! बघा, कशा सुधारताहेत," दुब्राव्का पाहुण्यांना म्हणाली आणि बशा विसळायला वळली.

खाली बस उभी होती. पाहुणे चढले. त्यांच्यामागून टोन्का चढली आणि पहिल्या रिकाम्या खुर्चीत बसली. तिला वाटलं होतं, आता कुणीतरी खेकसेल. पण खेकसणार कोण? दुभाषी बाईला वाटलं, हे कार्यक्रमातलंच असणार. पाहुण्यांना वाटलं, वा, ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्यांनाही बरोबर घेतात, किती पुढारलेले लोक! ज्या बाईच्या मर्जीची तारीफ करायला ते इतक्या लांबून आले होते, तिला 'तुम्ही इथे कशा?' असं विचारायची कुणाची छाती झाली नाही. एकाने तर उठून तिला खिडकीची जागा दिली. बस सुटली.

गाव मागे पडलं तशी टोन्काने पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला. भावाने आणलं तेव्हापासून ती इतक्या लांब गेली नव्हती. पाहुण्यांनी पाव आणि सॉसेज पुढे केलं. तिला घास गिळवेना. पुढच्या सीटवर दुभाषी बाईचा फोन वाजला. पलीकडून दुब्राव्काचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. दुभाषी बाईने वळून टोन्काकडे पाहिलं, चेहऱ्यावरचा रंग उडालेला. पण बस हमरस्त्यावर होती आणि मागे गेंटचे वीस लोक चाकोवेत्सची वाट बघत होते. आता परत फिरणं शक्य नव्हतं.

चाकोवेत्सचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. यान्याच्या मदतनीस पोरीने, नेवेंकाने, दार उघडलं. आत यान्या उभी होती, इस्त्रीच्या झग्यात, हात पुढे जुळवून. वाळली होती. पांढऱ्या केसांना कुणीतरी हौसेने तपकिरी रंग फासला होता. आणि तोंडावर ते हसू. टोन्काने ते लगेच ओळखलं. सकाळी स्वतः तेच चढवलं होतं.

"या, या. मला इथे छान वाटतं," यान्या दाराकडे बघत म्हणाली. मग तिची नजर टोन्कावर आली. हसू जागच्या जागी राहिलं, बाकी चेहरा चुन्यासारखा झाला.

"नमस्कार, बाई," यान्या म्हणाली.

पस्तीस वर्षांत यान्याने तिला इतकं वाईट काही म्हटलं नव्हतं. मागे वीस माणसं, पुढे नेवेंका, आणि मधे ही बाई जणू बंद इमारतीच्या जाळीमागे उभी. टोन्काने दम घेतला.

"नमस्कार गेला खड्ड्यात! डोक्याला काय फासलंयस गं सटवे? बुटाचं पॉलिश?"

यान्याचा ओठ हलला. एक डोळा बारीक झाला.

"मला केस तरी आहेत, अवदसे. तुझ्या टाळक्यावर कावळा बसला तर घसरून मरेल!"

"मर म्हणावं त्याला तुझ्याच दारात! सव्वा वर्ष तुझी टकळी ऐकली नाही, कान जरा बरे झाले होते माझे!"

"मग आलीस कशाला भवाने? मी काय आमंत्रण धाडलं होतं? बघा, बघा ही कशी सुजलीय, बसून बसून खाते नुसती!"

"तू वाळून चिपाड झालीस त्याचं काय? कुणी खायला घालत नाही वाटतं!"

आवाज जिन्याभर घुमले. शेजारची दारं किलकिली झाली. पाहुणे दोन पायऱ्या मागे सरकले. "काय म्हणताहेत त्या?" एकाने विचारलं, तर दुभाषी बाई लाल होऊन म्हणाली, "जुनी ओळख आहे." यान्याच्या गालांवर रंग चढला होता. टोन्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून शिव्या. सव्वा वर्षात दोघी इतक्या सुखात नव्हत्या.

"पुरे!" नेवेंका दोघींच्या मधे घुसली. पोरगी कोवळी होती, पण हटली नाही. "टोन्कामावशी, दुब्राव्काताईंचा फोन आला होता, त्या तुम्हाला न्यायला निघाल्यात. यान्यामावशी, माझ्याकडे बघा. तुम्ही वेद्रानना स्पष्ट सांगितलं होतं, या बाई नकोत. तुमचा शब्द शेवटचा. आत्ता म्हणा, मी यांना खाली नेते आणि दार लावून घेते. पुन्हा कधी येणार नाहीत, हा माझा शब्द. सांगा, नेऊ?"

पाहुण्यांनी दुभाषी बाईकडे पाहिलं.

उत्तर यान्याच्या जिभेवर तयार होतं, हे टोन्काला दिसत होतं. 'न्या त्या टवळीला, तोंड काळं करा तिचं!' गृहात हे उत्तर दिलं की खाटा शेजारी शेजारी राहायच्या. इथे दिलं की जिना, खाली गाडी, आणि मरेपर्यंत बाल्कनी. टोन्काला ओरडून सांगावंसं वाटलं. पण सांगून काय उपयोग? तिने आधी सांगून पाहिलंच होतं. हे यान्याचं यान्यानेच उच्चारायला हवं होतं, या परक्या माणसांदेखत, आणि टोन्काच्या हातात काहीच नव्हतं.

यान्याने तोंड उघडलं आणि मिटलं. तिने नेवेंकाच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. खिशांकडे पाहिलं. मग जिन्यातल्या त्या सगळ्या अनोळखी चेहऱ्यांकडे.

"नको," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की नेवेंकाला वाकावं लागलं.

"नको म्हणजे? या नकोत?"

"नेऊ नको तिला." यान्याने दाराची चौकट घट्ट धरली. "सकाळपासून तिने काही खाल्लं नसणार. नव्या जागी जायचं म्हटलं की तिला घास जात नाही. पहिल्यापासूनच असं आहे तिचं."

नेवेंका बाजूला झाली. यान्याने टोन्काकडे पाहिलं, आणि वीस माणसांसमोर, एकही शिवी न घालता विचारलं, "भूक लागलीय का गं तुला?"

टोन्काने मान डोलावली. मग तिला वाटलं, तेवढं पुरेसं नाही.

"लागलीय," ती म्हणाली.